पंचवीसपर्यंत

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मी आता टॉवेलांचे काठ तपासते.
सुटलेला धागा दिसला की कात्री,
डाग दिसला की वेगळा ढीग.
गठ्ठ्यावर शाईनं कुठल्या तरी बंदराचं नाव उमटतं
आणि दुपारच्या पाळीत, कधीतरी,
हातातला कोरा टॉवेल गरम लागतो,
ओलसर,
तिकडे मशिनमधून निघायचा तसा.

तिकडे म्हणजे दोहा. हॉटेलचं तळघर.
चार वर्षं तीन महिने.
एजंट म्हणाला होता, रिसेप्शन.
भाग्यलक्ष्मी चिट्याल बिल्ल्यावर मावेना
म्हणून नुसतं ‘लकी’.

पहिल्याच आठवड्यात इस्त्रीखाली एक लेबल आलं: सोलापूर.
मी तेलुगूत ओरडले, मग मराठीत.
कुणाला काय कळणार!
शेजारच्या टेबलावरच्या बुटक्या बाईनं मात्र
ते लेबल बोटानं दाबून पाहिलं,
जसं कुणाच्या लेकराचं कपाळ पाहावं.

मारिव्हिक. बातांगासची.
वरच्या खोल्यांसाठी टॉवेलाचे हंस करायची,
चोच दुमडताना खालचा ओठ चावायची.
भेटली की विचारायची, कुमाइन का ना?
म्हणजे काय, तर जेवलीस का.
अगं, हे तर आमच्या साखर पेठेतलंच.
तिच्या खारट सुक्या मासळीला खोलीतल्या सगळ्यांनी नाकं मुरडली,
मी तिच्यासोबत कडक भाकरी मोडून खाल्ली.
शेंगाचटणीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.
म्हणाली, अजून दे.

तिच्या पलंगाखाली एक खोकं असायचं,
साबण, डब्यातलं मटण, मुलाचे बूट.
बूट दोनदा बदलले. खोकं भरेपर्यंत
पाय वाढायचा.
फोनवर तो आजीला मामा म्हणायचा
आणि हिला काहीच नाही.
पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात, पगार तीन महिने तुंबलेला,
आणि ही रात्री टॉवेलाच्या धाग्याला
दहा गाठी मारून त्या मोजत बसायची.
मण्यांची माळ होती तिची, झडतीत गेली.
देवाला काय, म्हणायची, गाठही चालते.

डिसेंबरात नऊ पहाटा उठायचं, असं तिचं व्रत.
नऊच्या नऊ पार पडल्या तर मागितलेलं मिळतं.
तळघरात चर्च कुठलं? ड्रायरच्या मागची जागा,
मोबाईलचा उजेड, आवाज गिळून.
आठव्या रात्री तिची पाळी बदलली.
तीनशे चादरी. सुटका नाही.
तिनं तो गाठींचा धागा माझ्या मुठीत कोंबला
आणि काही न बोलता वर गेली.

मी उभी राहिले ड्रायरच्या मागं.
मला तिची एकही प्रार्थना येत नव्हती.
आमच्या सिद्धेश्वराचं काहीतरी आठवू म्हटलं,
पण डोळ्यांसमोर आली ती आई,
सुपात तेंदूची पानं, तंबाखूनं पिवळी नखं,
कट्टा बांधताना पुटपुटणारी.
म्हणून मग मीही मोजलं:
ओकटी, रेंडु, मूडु…
पंचवीसपर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून.
सेठ छाटून टाकील अशी एकही विडी
त्यात नको, एवढंच मनात.

मारिव्हिकनं विचारलं, केलंस?
केलं म्हटलं.
काय म्हणालीस?
विड्या मोजल्या.
ती इतकी हसली की हंसाची मान सुटली.

मिळालं का तिला? मला नाही माहीत.
पगार आला, माझा आला, मी परतले.
तिचा करार पुढं वाढला, की वाढवला,
मग नंबर लागेनासा झाला.

आई अजून हजार विड्या वळते, दिवे लागणीपर्यंत.
मी विचारलं, मोजताना काय चालतं गं मनात?
म्हणाली, काय चालणार. चुकू नये.

काल एका टॉवेलाच्या काठाला धागा सुटलेला होता.
कापायचा असतो.
मी सुपरवायझरकडं पाठ केली
आणि गाठी मारल्या, बारीक, अगदी कडेला.
आठ झाल्या तेवढ्यात भोंगा वाजला.
गठ्ठा गेला.